एका मतदाराची चार मते



ज्यांच्या स्मरणार्थ बेंगळुरूतील ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर शाळेत गणित शिकवत होते, असे मला निमंत्रणाच्या वेळी सांगण्यात आले. तेव्हा आज आकडे येणार, आणि त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त करणार नाही. विषय ठरला आहे तो अमेरिकेतील पक्ष आणि मतदान सुधारणा. पण अमेरिकेला जायला विमानतळावर जावे लागते. विधानसौध वाटेतच आहे. तिथूनच सुरुवात करू.

२०१८ सालच्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत काँग्रेसला सुमारे ३८ टक्के मते मिळाली आणि, मागाहून झालेल्या दोन जागा धरून, ८० जागा. भाजपला मते सुमारे ३६ टक्के, म्हणजे काँग्रेसपेक्षा कमी; जागा मात्र १०४. सेक्युलर जनता दलाला १८ टक्क्यांच्या आसपास मते आणि ३७ जागा. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, भाजपची मते जवळपास तेवढीच राहिली, ३६ टक्केच. जागा झाल्या ६६. म्हणजे मतदार फारसा हलला नाही आणि पक्षाच्या ३८ जागा गेल्या. निकालाच्या रात्री वाहिन्यांवर जनतेने दिलेल्या कौलाची पुष्कळ मीमांसा झाली. भाजपच्या मतदाराने कौल फारसा बदललाच नव्हता. बदल झाला तो समोरच्या बाजूला: जनता दलाची मते १३ टक्क्यांवर उतरली, काँग्रेसची ४३ च्या घरात गेली. विरोधकांची मते एका ठिकाणी गोळा झाली, एवढेच.

ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून आला, बाकीच्यांची मते गेली, अशी आपली रीत. आपण ती इंग्रजांकडून घेतली, अमेरिकनांनीही त्यांच्याकडूनच घेतली. आणि या रीतीचा एक स्वभाव आहे. तिसऱ्याला ती टिकू देत नाही. मॉरिस दुव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ साली हे नियमाच्या भाषेत मांडले, पण बेळगावातल्या कुठल्याही जुन्या कार्यकर्त्याला ते दुव्हर्जे न वाचता ठाऊक आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीचे २०१३ ला दोन आमदार होते. २०१८ ला समितीच्या दोन गटांनी एकमेकांसमोर उमेदवार उभे केले आणि एकही आमदार आला नाही. मराठी मतदार पाच वर्षांत सीमाभागातून नाहीसा झाला होता काय? या रीतीत दुबळ्यापेक्षा दुभंगलेल्याला शिक्षा जास्त होते.

आता अमेरिका. त्या देशाच्या राज्यघटनेत राजकीय पक्ष हा शब्दच नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ मध्ये पद सोडताना पक्षबाजीपासून सावध राहण्याचा इशारा दिला, तोवर त्याच्याच मंत्रिमंडळातले हॅमिल्टन आणि जेफरसन दोन पक्षांचे पुढारी होऊन बसले होते. तेव्हापासून आजवर तिथे मुख्य पक्ष दोनच. नावे बदलली, माणसे बदलली, एकेकाळी गुलामगिरीचा पाठीराखा असलेला पक्ष शंभर वर्षांनी नागरी हक्कांचा पाठीराखा झाला. दोनाचे तीन काही झाले नाहीत. १९९२ ला रॉस पेरो या तेलाच्या नव्हे, संगणकाच्या धंद्यातल्या टेक्सासकराला जवळजवळ १९ टक्के मते पडली. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात त्याच्या वाट्याला किती मते आली? शून्य. साधारण दर पाचातला एक मतदार त्याच्याबरोबर होता.

या दोनाच्या कोंडीतून नवा पक्ष वर आला तो एकदाच, आणि त्याच्याशी आपले महाराष्ट्राचे नाते आहे. १८५४ मध्ये गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची का या प्रश्नावर जुना व्हिग पक्ष फुटला आणि त्याच्या ढिगाऱ्यातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. सहा वर्षांत अब्राहम लिंकन अध्यक्ष झाला. त्याला मते किती होती? चाळीस टक्क्यांहूनही कमी. समोर तीन उमेदवार होते आणि विरोधी मते तिघांत वाटली गेली. गुलामगिरी संपली ती या अल्पमतातल्या विजयाच्या आणि त्यानंतरच्या युद्धाच्या पोटी. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले. म्हणजे ज्या रीतीला मी आज नावे ठेवतो आहे, तिच्याच एका अपघाताबद्दल आपण त्या देशाचे आभार मानले आहेत. हे कबूल करूनच पुढे जायला हवे.

पण फुल्यांचे पुस्तक छापले गेले त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या एका राज्यात एक वेगळी रीत पहिल्यांदा वापरली गेली होती, आणि माझे आजचे म्हणणे तिच्याभोवती आहे. राज्य इलिनॉय, लिंकनचेच. यादवी युद्धानंतर तिथे उत्तरेचा भाग सगळा रिपब्लिकन आणि दक्षिणेचा सगळा डेमोक्रॅट झाला होता. आपल्या भागात दुसऱ्या पक्षाचा माणूस असला तरी त्याचा आमदार कधीच होणार नाही, अशी स्थिती. ‘शिकागो ट्रिब्यून’चे जोसेफ मेडिल यांनी पुढाकार घेतला आणि १८७० च्या राज्यघटनेत तोडगा आला: प्रत्येक मतदारसंघातून तीन आमदार, प्रत्येक मतदाराला तीन मते, आणि ती कशीही वापरायची मुभा. तिघांना एकेक द्या, दोघांना दीड-दीड द्या, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. होय, दीड मत. शाळेत अपूर्णांक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलांना दाखवावे असे उदाहरण आहे.

याचे गणित एकदा पाहून घेऊ, कारण सगळी मौज त्यातच आहे. चार जागांचा एक प्रभाग घ्या, दहा हजार मतदार. त्यात २,१०० जणांचा एक गट, बाकी ७,९०० दुसऱ्या पक्षाचे. प्रत्येकाला चार मते, पण एका उमेदवाराला एकच द्यायचे, असा नियम असेल तर मोठ्या पक्षाच्या चारही उमेदवारांना ७,९००, लहान गटाच्या उमेदवाराला २,१००. चारही जागा मोठ्या पक्षाच्या. आता मते एकवटायची मुभा द्या. लहान गट आपली सगळी मते एकाच माणसाला देतो: २,१०० गुणिले ४, म्हणजे ८,४००. मोठ्या पक्षाकडे एकूण ३१,६०० मते. चौघांत वाटली तर प्रत्येकी ७,९००. लहान गटाचा माणूस पहिला आला! मोठ्या पक्षाला तीन जागा, लहान गटाला एक. माणसे तीच, मते तीच, एक ओळ नियमाची बदलली.

ही ओळ आपल्याकडेही आली होती, आणि ती कुणाच्या कामी आली हे ऐका. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार सर्वांना माहीत आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, प्रांतिक कायदेमंडळांत अस्पृश्यांसाठी १४८ राखीव जागा आल्या, पण त्या जागा भरायच्या होत्या संयुक्त मतदारसंघातून. म्हणजे अंतिम निवड सवर्ण बहुसंख्येच्या हाती. चारांहून जास्त उमेदवार असतील तर आधी अस्पृश्य मतदारांनी चौघे निवडायचे, ही प्राथमिक फेरीही करारात होती. अमेरिकेत विस्कॉन्सिनने १९०३ मध्ये कायदा केल्यापासून तशा फेऱ्यांचा बोलबाला होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानंतर प्रश्न आला की एकाहून जास्त जागा असलेल्या मतदारसंघात मतदाराने मते वाटायची की एकवटायची. आंबेडकरांचा आग्रह एकवटण्याचा होता, काँग्रेसचा वाटण्याचा. मतदारसंघ ठरवणाऱ्या हॅमंड समितीने एकवटण्याच्या बाजूने मत दिले आणि मुंबई इलाख्यात १९३७ ची निवडणूक तशी झाली.

आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष तेव्हा उणापुरा वर्षाचाही नव्हता. त्याने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. पक्षाची बांधणी, गिरणगावातला कामगार वर्ग, बाबासाहेबांचे नाव, हे सगळे त्यामागे होतेच. पण विखुरलेल्या, गरीब मतदाराला ‘तुझी सगळी मते आपल्या एकाच माणसाला दे’ असे सांगता येणे, हे शस्त्र त्याच निवडणुकीत हाताशी होते. मुंबईत स्वतः आंबेडकरांसमोर काँग्रेसने उभे केले होते पालवणकर बाळू यांना. आपल्या धारवाडात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले होते. आंबेडकरांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. काँग्रेसने उमेदवार किती विचारपूर्वक निवडला होता ते या फरकावरून दिसते.

आणि योगायोग पाहा. त्याच १९३७ सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क शहराने आपली नगरपरिषद पसंतीक्रमाच्या पद्धतीने निवडली: उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे, आणि मतांच्या प्रमाणात जागा. कारण दोन वर्षांपूर्वी तिथे डेमोक्रॅट पक्षाने साधारण दोन-तृतीयांश मतांवर ९५ टक्के जागा नेल्या होत्या. नव्या पद्धतीने काय झाले? लहान पक्ष आत आले. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल हा पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक आला. त्याच वर्षी ब्रुकलिनमधून एक कम्युनिस्ट आला, पुढे हार्लेममधून आणखी एक. झाले! शीतयुद्धाची चाहूल लागली होती, ‘लाल’ या एका शब्दाने काम झाले, आणि १९४७ मध्ये मतदारांकडूनच ती पद्धत रद्द करून घेतली गेली. १९४९ च्या निवडणुकीत २५ पैकी २४ जागा डेमोक्रॅटांच्या. मतदारांपैकी जेमतेम निम्मे त्यांच्या बाजूचे होते. ती पद्धत न्यूयॉर्कमध्ये चालली नाही असे आजही म्हटले जाते. ती चालली म्हणून मोडली.

आपल्याकडे तर मोडायचीही गरज पडली नाही. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करिमुद्दीन यांची दुरुस्ती चर्चेला आली: लोकसभेच्या निवडणुका बहुसदस्य मतदारसंघांतून आणि मते एकवटण्याच्या पद्धतीने व्हाव्यात. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, आणि त्यांनी विरोध केला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला साक्षर मतदार लागतो, आकडे ओळखता आले पाहिजेत; शिवाय त्यातून विधिमंडळाचे तुकडे होतात आणि नव्या देशाला स्थिर सरकार हवे. पहिला मुद्दा मला कधी पटलेला नाही. आकडे लागतात ते पसंतीक्रमाला. मते एकवटायला चिन्ह ओळखले की पुरे, आणि हे १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या निरक्षर मतदाराने करून दाखवले होते. दुसऱ्या मुद्द्यावर वाद होऊ शकतो. फाळणीनंतर दीड वर्षच उलटले होते, आणि मसुदा समितीचा अध्यक्ष स्वतःच्या पक्षापुरते बोलत नसतो, हेही खरे.

पुढे काय झाले ते माहीतच आहे. १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा झाला तेव्हा आंबेडकरच कायदामंत्री होते. त्या कायद्याने दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते दिली, पण एका उमेदवाराला एकच. पहिल्या लोकसभेला असे दोन जागांचे ८६ मतदारसंघ होते आणि बंगालमध्ये एक तीन जागांचा. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर आंबेडकर उभे राहिले, समाजवादी अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, दोघांची युती. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले. त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मते बाद झाली. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत आंबेडकरांना न देता कुजवायला सांगितले, असा आंबेडकरांचा आरोप होता. कॉम्रेड डांग्यांचे नाव त्यात होते. निवडणूक याचिका झाली आणि फेटाळली गेली. मते वाया गेली की घालवली, हा वाद आजही मुंबईत रंगतो. माझ्या दृष्टीने त्यातली ठसठशीत गोष्ट वेगळी आहे: १९३७ चा नियम १९५२ ला असता तर दलित मतदाराला आपली दोन्ही मते बाबासाहेबांनाच देता आली असती आणि दुसऱ्याच्या दुसऱ्या मतावर अवलंबून राहावे लागले नसते.

हे दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले. निमित्त झाले आंध्रातल्या पार्वतीपुरमचे. १९५७ मध्ये तिथे एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. दोन्हींवर आदिवासी उमेदवार निवडून आले, कारण दोघांनाही सर्वसाधारण उमेदवारापेक्षा जास्त मते होती. हरलेले उमेदवार होते व्ही. व्ही. गिरी. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तिथेही हरले. पुढे ते म्हैसूरचे राज्यपाल म्हणून याच शहरातल्या राजभवनात राहिले, नंतर राष्ट्रपती झाले. त्यांचे काही अडले नाही. पण राखीव गटाचा माणूस सर्वसाधारण जागाही जिंकतो म्हटल्यावर ती पद्धत चार वर्षांत गेली. आंबेडकर त्याच पद्धतीने हरले तेव्हा ती कुणाला खुपली नव्हती.

आता आजच्या महाराष्ट्रात या. तुमच्यापैकी ज्यांचे नातलग पुण्यात, नाशकात, नागपुरात आहेत त्यांनी जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत चार-चार बटणे दाबली. मुंबईत मात्र एकच. महाराष्ट्रात प्रभागात किती नगरसेवक असावेत हे सरकार बदलले की बदलते: २००२ ला तीन, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. मग महाविकास आघाडीने आधी एकाचा कायदा केला, नंतर तीनचा. पुढच्या सरकारने पुन्हा चार. प्रत्येक वेळी कारण सांगितले गेले ते प्रशासकीय सोयीचे. मतदान केंद्रात काय होते? अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येकीची वेगळ्या रंगाची मतपत्रिका यंत्रावर. आजीबाई पहिले बटण दाबतात, दिवा लागतो, आणि त्या निघायला लागतात. मतदान अधिकारी हाक मारतो, ‘आजी, अजून तीन राहिलीत!’ चारही जागांवर काहीतरी दाबल्याशिवाय, निदान ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबल्याशिवाय, शेवटची शिट्टी वाजत नाही. नियम असा की चार मते आहेत, पण चारही आपल्या माणसाला देता येत नाहीत. मघाचे गणित आठवा: २,१०० विरुद्ध ७,९००. बहुसदस्य प्रभाग ठेवायचा आणि एकवटण्याची मुभा काढून घ्यायची, यात दोन्हीकडचे तोटे आहेत. मतदाराला आपला नगरसेवक कोण हे कळत नाही, आणि लहान गटाला जागाही मिळत नाही. अपक्ष तर एवढा मोठा प्रभाग पायी फिरूही शकत नाही.

बेंगळुरूची तऱ्हा आणखी वेगळी. देशातली मतदान यंत्रे बनवणाऱ्या दोनच कंपन्या. त्यातली एक, भारत इलेक्ट्रॉनिक्स, इथे जालहळ्ळीत. आणि या शहराच्या महापालिकेची निवडणूक २०१५ च्या ऑगस्टमध्ये झाली, मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, पुढची पाच वर्षे प्रशासकाने कारभार केला. वॉर्डांची संख्या १९८ वरून २४३ झाली, मग २२५, मग पालिकेचेच पाच भाग झाले. पद्धतीवर वाद घालायला आधी निवडणूक तरी लागते!

तरीही पद्धत बदलता येईल अशी जागा आहे, आणि ती इथेच आहे. घटनेच्या २४३-आर या अनुच्छेदात पालिका वॉर्डांत विभागावी आणि थेट निवडणूक व्हावी एवढेच आहे. वॉर्डात किती सदस्य आणि मते कशी द्यायची हे राज्याच्या कायद्यावर सोडले आहे. पदवीधर मतदारसंघात तुमच्यापैकी अनेकांनी निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या पेनने एक, दोन, तीन असे आकडे घातले आहेत. तेव्हा आपल्याला अवघड पद्धत झेपत नाही असे कुणी म्हणू नये. माझी सूचना त्याहून साधी आहे: चारसदस्य प्रभाग ठेवायचाच असेल तर चारही मते एका उमेदवाराला देण्याची मुभा द्या.

तिच्यात दोन अडचणी आहेत, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली इलिनॉयने दाखवली. तिथे दोन्ही पक्ष आधीच हिशेब करून तीन जागांसाठी मिळून तीनच उमेदवार उभे करू लागले. एकाने दोन, दुसऱ्याने एक. मतदाराला निवडायला काही उरले नाही, आणि १९८० मध्ये लोकांनी आमदारांची संख्या १७७ वरून ११८ वर आणताना ती पद्धतही काढून टाकली. आपल्याकडे पक्ष जास्त आहेत, बंडखोर तर त्याहून जास्त, त्यामुळे हे दुखणे इतक्या सहज जडणार नाही असे मला वाटते. दुसरी अडचण कठीण आहे. अ, ब, क, ड या जागा आरक्षणाने वेगवेगळ्या ठरलेल्या आहेत. मते एकवटायची तर चारही जागांची यादी एक करावी लागेल, राखीव गटातल्या सर्वाधिक मते मिळालेल्यांना राखीव जागा द्याव्या लागतील, आणि मग कुठल्यातरी प्रभागात चारही नगरसेवक राखीव गटांतले किंवा चारही स्त्रिया निवडून येतील. पार्वतीपुरम पुन्हा घडेल. १९५९ मध्ये न्यायालयाने त्यात काही गैर नाही असे म्हटले होते. माझेही तेच म्हणणे आहे, आणि यावर सभेत सर्वांचे एकमत होणार नाही याची मला खात्री आहे. प्रश्न विचारायला पंधरा मिनिटे ठेवली आहेत असे संयोजक सांगतात; सुरुवात याच मुद्द्यापासून करा.